झपाटलेला वाडा आणि वारशाचे भय : ‘तुंबाड’ या चित्रपटाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

भयकथा आणि भयपट यांना मराठीच्या विद्यापीठीय समीक्षेत फारसे मानाचे स्थान मिळालेले नाही. रंजनपर वाङ्मय असा शिक्का मारून या प्रकाराची बोळवण करण्याकडे आपला कल राहिला आहे. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या भयकथा-गूढकथा वाचत मराठी वाचकांच्या पिढ्या वाढल्या. तरीही त्यांच्या लेखनाची चर्चा वाचनालयांच्या दालनांत जेवढी झाली, तेवढी अभ्यासमंडळांच्या बैठकांत झाली नाही. समाज ज्या गोष्टी उघडपणे बोलू शकत नाही त्या तो भुताच्या तोंडून वदवतो, असे मानले तर भयपट हे समाजाच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन ठरते.

प्रस्तुत लेखात राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ या चित्रपटाचा विचार केला आहे. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच वर्षी व्हेनिस चित्रपट महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात तो दाखवला गेला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्याने पहिल्या प्रदर्शनापेक्षा अधिक उत्पन्न मिळवले. चित्रपटाची भाषा हिंदी आहे. मात्र त्याची भूमी, वेशभूषा, कुटुंबव्यवस्था आणि कथाबीज मराठी आहे. त्यामुळे मराठीच्या अभ्यासकाने तो आपल्या कक्षेबाहेरचा मानण्याचे कारण नाही.

‘तुंबाड’कडे सामान्यतः लोभाची नीतिकथा म्हणून पाहिले जाते. मानवी गरज आणि मानवी हाव यांत भेद करणाऱ्या, महात्मा गांधींच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या वचनाने चित्रपटाचा प्रारंभ होतो, त्यामुळे हा अर्थ दिग्दर्शकालाही अभिप्रेत असावा असे दिसते. प्रस्तुत लेखकाला हा अर्थ अपुरा वाटतो. या चित्रपटातील भय लोभापेक्षा वारशातून अधिक निर्माण होते, हे या लेखाचे पहिले प्रतिपादन आहे. संपत्तीचा उगम मिथकात दाखवल्यामुळे ती निर्माण करणारी श्रमिक माणसे चित्रपटातून दिसेनाशी होतात, हे दुसरे. पहिले प्रतिपादन चित्रपटाचे सामर्थ्य सांगते, तर दुसरे त्याची मर्यादा.

१. झपाटलेले घर : परंपरा आणि प्रश्न

झपाटलेल्या घराची कथा मूलतः मालकीची कथा असते. होरेस वॉलपोल यांची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) ही इंग्रजीतील पहिली गॉथिक कादंबरी मानली जाते. तिचा विषय बळकावलेली गादी आणि खरा वारस हाच आहे. एडगर ॲलन पो यांच्या ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ (१८३९) या कथेत ‘हाउस’ हा शब्द वास्तू आणि घराणे या दोन्ही अर्थांनी येतो; घराणे संपते तेव्हा वास्तूही कोसळते. मराठीतही ‘घर’, ‘घराणे’ आणि ‘घराणेशाही’ हे शब्द एकाच मुळाचे आहेत. फ्रॉइड यांनी १९१९ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की जे एके काळी अगदी घरचे, परिचित होते आणि पुढे दडपले गेले, तेच परत आल्यावर सर्वाधिक भीतिदायक वाटते. त्यांनी चर्चिलेल्या जर्मन शब्दातच ‘घर’ दडलेले आहे.

भारतीय चित्रपटांतील उदाहरणे पाहिली तरी हेच सूत्र दिसते. बॉम्बे टॉकीजचा आणि कमाल अमरोही दिग्दर्शित ‘महल’ (१९४९) हा हिंदी भयपटाचा आद्य नमुना मानला जातो. त्यातील नायक जुन्या हवेलीचा नवा मालक आहे. त्याला दिसणारी छाया अखेर भुताची नसून माळ्याच्या मुलीची असते. ज्या घराची राखण नोकरांनी केली त्या घरावर नोकराच्या मुलीचा हक्क केवळ भूत बनूनच सांगितला जाऊ शकतो, असा अर्थ आज त्यात वाचता येतो. राम गोपाल वर्मा यांच्या ‘भूत’ (२००३) मध्ये वाड्याची जागा मुंबईतील उंच इमारतीमधील सदनिका घेते आणि भूत असते ते तेथे आधी राहून गेलेल्या स्त्रीचे. महेश कोठारे यांच्या ‘पछाडलेला’ (२००४) या विनोदी भयपटातही मानगुटीवर बसणारे भूत इनामदाराचे आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) या झी मराठीवरील मालिकेचा प्रारंभ कोकणातील घराच्या कर्त्या पुरुषाच्या मृत्यूने आणि त्यानिमित्त एकत्र आलेल्या कुटुंबाने होतो. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ (२०१७) मध्ये उसाच्या फडात वेढलेले घर आणि स्त्रीभ्रूणहत्येचा प्रश्न एकत्र येतात. वारस म्हणून नको असलेल्या मुली हाच तेथील भयाचा गाभा आहे.

लोकसमजुतींतही हे नाते स्पष्ट आहे. समंध, मुंजा, देवचार, राखणदार ही नावे पाहिली तर त्यांतील बहुतेकांचा संबंध अतृप्त इच्छा, अपुरे राहिलेले संस्कार, जागा किंवा धन यांच्याशी असतो. पुरलेल्या धनावर वेटोळे घालून बसलेला नाग ही कल्पना महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. धन सोडून जाण्यास तयार नसलेला पूर्वज असेच तिचे स्वरूप आहे. ‘तुंबाड’ याच परंपरेतून आलेला आहे आणि तो याच परंपरेत तपासला पाहिजे.

२. ‘ग्रॅमा’ ते ‘आजी’ ते ‘तुंबाड’

चित्रपटाच्या पहिल्या भागाचे कथाबीज धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे आणि धारपांची कथा स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ (१९८४) या कथेवर आधारलेली आहे. चित्रपटाचे शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीची आठवण करून देते. तुंबाड हे रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील गाव आहे. दिग्दर्शक राही बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ आणि ‘हमिदाबाईची कोठी’ यांचे लेखक अनिल बर्वे यांचे पुत्र. एका अर्थी हा चित्रपट स्वतःच अनेक वारशांतून घडला आहे.

किंग यांच्या कथेत मोठ्या भावाला दुखापत होते, आईला त्याच्याकडे धावावे लागते आणि धाकटा मुलगा मरणासन्न, भयंकर आजीजवळ एकटा राहतो. कथेच्या अखेरीस आजी मरते, पण तिचे दुष्ट सामर्थ्य मुलाच्या देहात शिरते. चित्रपटात हा प्रसंग १९१८ मध्ये घडतो. लहान भाऊ सदाशिव झाडावरून पडून जखमी होतो, आई त्याला घेऊन जाते आणि साखळदंडाने बांधलेल्या म्हातारीला जेवण भरवण्याचे काम विनायकावर येते. ती त्याच्यावर झेप घेते. हस्तराचे नाव घेतल्यावर मात्र ती झोपी जाते. विनायक वाचतो, सदाशिव वाचत नाही.

येथे दिग्दर्शकाने केलेला बदल महत्त्वाचा आहे. किंग यांच्या कथेतील मुलाला आजी झपाटते. विनायकाला कोणीही झपाटत नाही. तो शरीराने सुखरूप बाहेर पडतो, आईबरोबर पुण्याला जातो आणि तुंबाडला परतणार नाही असे वचनही देतो. तरीही पंधरा वर्षांनी, १९३३ मध्ये, तो स्वतःच्या पायांनी परत येतो. म्हातारी अजून जिवंत आहे, तिच्या देहातून झाड उगवले आहे. मरण्याची मुभा मिळावी एवढ्याच अटीवर ती त्याला खजिन्याचे रहस्य सांगते. म्हणजे किंग यांच्या कथेत मंत्रतंत्राने जे घडते, ते येथे ज्ञानाच्या हस्तांतरणाने घडते. आजी नातवात शिरते ती रहस्याच्या रूपाने. विनायक सरकारांचा अनौरस पुत्र असल्याचे चित्रपट सूचित करतो. कागदोपत्री त्याला काहीच मिळणार नाही. मिळते ते फक्त हे रहस्य, आणि त्यालाच तो आपला हक्क समजतो.

३. वाडा, बळद आणि गर्भ

कोणत्याही वाड्याच्या रचनेत दर्शनी आणि गुप्त असे दोन भाग असतात. दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, देवघर हा दर्शनी भाग. तळघर, बळद, भिंतीतील कोनाडे हा गुप्त भाग. बळद म्हणजे वाड्यात धान्य साठवण्याची बंदिस्त जागा. जमीनदाराच्या वाड्यातील बळदात येणारे धान्य बहुतांशी कुळांनी घातलेल्या खंडाचे असे. वाड्याचे वैभव दर्शनी भागात दिसे, त्याचा आधार मात्र या अंधाऱ्या कोठारात असे.

चित्रपटाने या रचनेला मिथकाचे रूप दिले आहे. समृद्धीची देवी म्हणजे पृथ्वी. तिच्या गर्भात अमर्याद सोने आणि धान्य. तिचा ज्येष्ठ आणि लाडका पुत्र हस्तर सोने मिळवतो, पण धान्यावर हात टाकताच इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. देवी त्याला वाचवून गर्भात परत घेते. अट एकच, की त्याची पूजा कधीही होणार नाही. तुंबाडच्या घराण्याने त्याचे मंदिर बांधले म्हणून गावावर अखंड पावसाचा शाप आहे. या गर्भात उतरण्याचा मार्ग वाड्यातील विहिरीतून जातो. हे कथानक कोणत्याही पुराणात नाही. ते चित्रपटकर्त्यांनी रचलेले आहे. ‘हस्तर’ या नावाचे अँब्रोज बिअर्स यांच्या कथेत प्रथम आलेल्या आणि पुढे पाश्चात्त्य भयवाङ्मयात रूढ झालेल्या ‘हॅस्टर’ या नावाशी साम्य आहे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

छायालेखक पंकज कुमार यांनी वरचे जग करड्या, ओल्या, पावसाने विटलेल्या रंगांत आणि गर्भ लाल, मांसल रंगांत चित्रित केला आहे. जेस्पर कीड यांचे पार्श्वसंगीत आणि पावसाचा अखंड ध्वनी यांमुळे वाडा ही एक ओली, कुजत जाणारी जिवंत वस्तू वाटू लागते. येथे भूत वाड्यात शिरलेले नाही. वाडाच त्या गर्भाच्या तोंडावर बसलेला आहे. संपत्ती खाली आहे आणि घर म्हणजे तिच्यावरील झाकण, असा हा दृश्यबंध आहे. बळदाचे आणि गर्भाचे हे साम्य दिग्दर्शकाने जाणीवपूर्वक साधले असो वा नसो, ते प्रभावी ठरले आहे.

४. वारशाचे भय

विनायकाचा लोभ बारकाईने पाहिला तर तो बेफाम नाही. तो एका खेपेस मूठभर मुद्रा आणतो, त्या पुण्यातील राघव सावकाराला विकतो, पुन्हा जातो. लोभ हा त्याचा व्यवसाय झालेला आहे. त्याला शिस्त आहे, अवजारे आहेत, उमेदवारी आहे. पिठाचे रिंगण आखणे, कणकेची बाहुली हस्तरापुढे टाकणे, तो ती खात असताना त्याच्या लंगोटातून मुद्रा झाडून घेणे आणि दोरावरून वर येणे, ही सारी कामगिरी म्हणजे एक पिढीजात कसबच आहे.

१९४७ मधील तिसऱ्या भागात हे स्पष्ट होते. विनायक आपल्या पांडुरंग या पायाने अधू मुलाला गर्भात उतरण्याचे शिक्षण देतो. बाप मुलाला सुतारकाम किंवा पौरोहित्य शिकवतो तसेच हे आहे. मुलगा बापाचे प्रेम मिळवू पाहतो आणि बापाजवळ देण्यासारखे एवढे एकच आहे. सर्वाधिक अस्वस्थ करणारी दृश्ये हस्तराची नसून या शिकवणीची आहेत. बापाला थक्क करण्याच्या ओढीतूनच अधिक बाहुल्या नेऊन संपूर्ण लंगोट पळवण्याची कल्पना पुढे येते आणि त्याच वेळी जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. बापाने मर्यादेत ठेवलेली हाव पुढच्या पिढीत गुणाकाराने वाढते, असा याचा अर्थ आहे.

मोहम्मद समद या बालनटाने पांडुरंगाची आणि म्हाताऱ्या आजीची अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत, ही बाब या संदर्भात अर्थपूर्ण आहे. घराण्याचा पहिला बळी आणि शेवटचा वारस यांचा देह एकच आहे. रंगभूषेमुळे प्रेक्षकाला ते ओळखू येत नाही. परंतु अभ्यासकाने ते जाणले, की शेवटच्या प्रसंगाला वेगळे परिमाण मिळते. शापित झालेला विनायक मुलासमोर लंगोट धरतो. पांडुरंग तो नाकारतो आणि बापाला अग्नी देतो. एरवी मुलाने बापाला अग्नी देणे हे वारसाहक्काचे चिन्ह असते. येथे तेच वारसा नाकारण्याचे चिन्ह बनते. लोभाच्या नीतिकथेत एवढे सामर्थ्य आले नसते; ते येते कारण पांडुरंग सोन्याबरोबर बापाचे घराणेही नाकारतो.

५. पीठ कोणाचे?

येथवर चित्रपटाच्या बाजूने लिहिले. आता आक्षेपाकडे वळणे आवश्यक आहे.

हस्तराला सोने मिळाले, धान्य मिळाले नाही. म्हणून तो पिठाला भुलतो. साऱ्या चित्रपटाचा व्यवहार या एका विनिमयावर उभा आहे : पीठ द्यावे आणि सोने घ्यावे. कणकेचा दिवा, कणकेची बाहुली या वस्तू आपल्या विधींत परिचित आहेत, त्यामुळे हा विनिमय प्रेक्षकाला चटकन पटतो. परंतु हे पीठ कोठून आले, हा प्रश्न चित्रपट कधीही विचारत नाही. गावावर अखंड पाऊस आहे, शेती दिसत नाही, शेतकरी दिसत नाही. वाडा आहे, सरकार आहेत, पण कुळे नाहीत. ज्या वाड्याची सत्ता इतरांच्या धान्यावर उभी असते, त्या वाड्याची संपत्ती येथे एका देवाच्या लंगोटातून पडते.

भयपटाकडून इतिहासाची अपेक्षा करणे योग्य नाही, असे उत्तर यावर दिले जाईल. ते मान्य करता आले असते. परंतु चित्रपटाने स्वतःच आपल्या प्रत्येक भागाला सन दिला आहे. १९१८, १९३३ आणि १९४७ असे आकडे पडद्यावर दाखवल्यानंतर इतिहासाची चौकशी अप्रस्तुत ठरत नाही. कोकणातील खोती हा त्या काळातील ज्वलंत प्रश्न होता. खोत सरकारासाठी सारा गोळा करी आणि कुळांकडून त्याहून अधिक वसूल करी, वेठ घेई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. पुढे १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा झाला. म्हणजे विनायक गर्भात खेपा घालत होता, त्याच वर्षांत प्रत्यक्षातील वाड्यांचा पाया हलवला जात होता आणि तो हलवणारी माणसे त्या वाड्यांची कुळे होती.

चित्रपटात १९४७ नंतर सरकार वाडा ताब्यात घेणार असल्याची बातमी येते. ती कथानकात केवळ मुदत म्हणून येते; आता शेवटची खेप, एवढाच तिचा उपयोग. वाडा जातो तो स्वातंत्र्यामुळे, जणू पाऊस थांबावा तसा आपोआप. कोणी लढले, कोणी मागितले, कोणी वेठ नाकारली, याची पुसटशी खूणही नाही. परिणामी ‘लोभ वाईट’ हा निष्कर्ष केवळ एका घराण्यापुरता उरतो आणि शोषण हा शब्द उच्चारावाच लागत नाही. ‘महल’मध्ये निदान माळ्याची मुलगी भूत म्हणून तरी वावरते; ‘तुंबाड’मध्ये कुळाचे भूतसुद्धा नाही.

अर्थात चित्रपट पूर्णतः अंध नाही. गर्भातील सोन्याला बाजारात किंमत येण्यासाठी राघव लागतो आणि राघव सावकारी व अफूचा व्यापार यांत गुंतलेला आहे. परवान्यासाठी त्याला ब्रिटिश अधिकाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते. मिथकातील सोने पुण्याच्या पेठेत पोहोचताच वसाहतीच्या अर्थव्यवस्थेत मिसळते. या धाग्याचा विस्तार झाला असता तर चित्रपट अधिक मोठा ठरला असता.

६. एका मुद्रेचे मोल

कुळांप्रमाणे स्त्रियांना मात्र चित्रपटाने वगळलेले नाही. विनायकाची आई वर्षानुवर्षे सरकारांची सेवा करते. त्या सेवेत काय काय समाविष्ट आहे हे चित्रपट न बोलता दाखवतो. मोबदला म्हणून तिच्यासमोर हस्तराच्या मूर्तीजवळची एकच मुद्रा आहे. शिवाय घरी त्या भयंकर म्हातारीला जेवण भरवणे आणि झोपवणे हेही तिचेच काम. तिला रहस्य कळत नाही, वाडा मिळत नाही; मिळते ते एक नाणे आणि एका मुलाचा मृत्यू. ज्योती माळशे यांनी ही भूमिका अत्यंत संयमाने साकारली आहे. एका मुद्रेसाठी झिजलेली आई आणि मूठभर मुद्रा सहज उधळणारा मुलगा यांतील विसंगती हे चित्रपटाचे मूक भाष्य आहे.

विनायकाच्या पत्नीच्या भूमिकेत अनिता दाते आहेत. नवरा कोठे जातो, काय आणतो याबद्दल तिला अंधारात ठेवले जाते. संसार तिने चालवायचा आणि रहस्य मात्र बापाकडून मुलाकडे जायचे. देवीचा गर्भ हा संपत्तीचा स्रोत, परंतु त्यावर हक्क केवळ पुरुषवारसाचा, ही विसंगती मिथकाच्या आणि कुटुंबाच्या अशा दोन्ही पातळ्यांवर सारखीच आहे. ‘लपाछपी’शी ‘तुंबाड’ची तुलना येथे उपयुक्त ठरते. एकात मुलगी जन्मालाच येऊ नये म्हणून घर झपाटलेले आहे, दुसऱ्यात मुलाच्या हाती सारे पडावे म्हणून. दोन्ही भयांचे मूळ एकच आहे.

७. अध्यापनाच्या निमित्ताने

सांगवीसारख्या ठिकाणी हा चित्रपट वर्गात चर्चेला घेताना एक वेगळाच अनुभव आला. मुळा आणि पवना या नद्यांच्या बेचक्यातील हे एके काळचे शेतीचे गाव. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे शेते गुंठ्यांनी विकली गेली आणि जुन्या घरांच्या जागी इमारती आल्या. वर्गात मूळ गावकऱ्यांची मुले आहेत, तशीच चाकणच्या कारखान्यांत कामाला आलेल्या आणि भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांचीही आहेत. हस्तर म्हणजे काय, या प्रश्नावर एका विद्यार्थ्याने ‘गुंठामंत्री’ हा शब्द उच्चारला आणि वर्ग हसला. नंतर मात्र चर्चा गंभीर झाली. जमिनीच्या वाटण्या, भावाभावांतील दावे, बहिणींकडून घेतलेली हक्कसोडपत्रे यांवर मुले-मुली बोलू लागली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. तरी राखीपौर्णिमेचे नाते टिकावे म्हणून सही करणाऱ्या बहिणी आजही घरोघर आहेत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न वेगळा होता : आमच्याकडे वारसाच नाही, मग आम्ही या गोष्टीत कोठे आहोत? प्रस्तुत लेखातील ‘पीठ कोणाचे’ हा प्रश्न खरे तर तिच्या या प्रश्नातून आला आहे.

अध्यापनातील दुसरा मुद्दा अंधश्रद्धेचा आहे. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणे ही महाराष्ट्रातील केवळ कथेतली गोष्ट नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. गुप्तधनाच्या शोधाच्या निमित्ताने होणारी अमानुष कृत्ये त्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. अशा समाजात ‘तुंबाड’ दाखवणे धोक्याचे आहे काय? प्रस्तुत लेखकाच्या मते नाही. मात्र एका अटीवर. हस्तर हा रचलेला देव आहे, हे आधी सांगितले पाहिजे आणि तो का रचावा लागला, हे नंतर विचारले पाहिजे. मिथक कसे तयार होते हे ज्याला कळले, तो मिथकाला सहसा बळी पडत नाही. भयपटाचे अध्यापन हे या अर्थाने विवेकाचेच अध्यापन होऊ शकते.

तिसरा मुद्दा भाषेचा. धारपांच्या कथेचे बीज, कोकणातील गाव, मराठी नट आणि मराठी दिग्दर्शक असूनही हा चित्रपट हिंदीत झाला. आदित्य सरपोतदार यांचा कोकणातील लोकसमजुतीवर आधारलेला ‘मुंज्या’ (२०२४) हाही हिंदीतच आला. मोठ्या खर्चाच्या निर्मितीला मोठी बाजारपेठ लागते, हे कारण समजण्यासारखे आहे. परंतु आपली भुते दुसऱ्या भाषेत बोलू लागली असताना आपल्या समीक्षेने तरी त्यांच्याशी मराठीत बोलावे, ही अपेक्षा गैर नाही.

निष्कर्ष

‘तुंबाड’मधील भयाचा खरा आधार हस्तर नसून वारसा आहे. किंग यांच्या कथेतील झपाटण्याच्या जागी चित्रपटाने रहस्याचे पिढीजात हस्तांतरण आणले, हे त्याचे मौलिक योगदान होय. वाडा आणि गर्भ यांच्या दृश्यबंधातून संपत्तीचे गुप्त स्वरूप चित्रपट प्रभावीपणे व्यक्त करतो, तसेच आईच्या एका मुद्रेतून स्त्रीच्या श्रमांचे मोल सांगतो. मात्र संपत्तीचा उगम मिथकात ठेवल्याने कुळांचे श्रम आणि खोतीविरोधी लढा हे दोन्ही दृष्टिआड होतात. ही त्याची गंभीर मर्यादा आहे.

पांडुरंग लंगोट नाकारतो, तेथे चित्रपट संपतो. तो वर आल्यावर कोठे गेला असेल, कोणाच्या घरी जेवला असेल आणि ते पीठ कोणी दळले असेल, याची कथा अद्याप लिहायची आहे. ती लिहिली गेली तर झपाटलेल्या वाड्याची मराठी गोष्ट प्रथमच वाड्याबाहेरून सांगितली जाईल.